आजीच्या पैठणीला कात्री लावण्यापूर्वी

लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न एकाच जागी अडलेले असतात. जुनी साडी आजच्या कपड्यांबरोबर घालायची म्हणजे ती कापायलाच हवी, हा समज काही केल्या जात नाही.

पैठणीवर ब्लाउजऐवजी पांढरा शर्ट चालेल का?
चालेल. सुती आणि मऊ घ्या. वरून बकलाचा पट्टा बांधू नका, बक्कल रेशमात अडकतं.

इरकलीबरोबर स्नीकर्स?
शोभतात. काठ जमिनीला घासू देऊ नका.

पणजीची नऊवारी पैठणी पेटीत पडून आहे. तिचं जीन्सवर घालायला जॅकेट करायचं आहे. बुटीकवाले आठ दिवसांत देतो म्हणतात.
थांबा. त्यांनी साडी पूर्ण उलगडून पाहिली का? रेशीम आधी घडीवर विरतं, आणि पेटीतल्या साडीची घडी वर्षानुवर्षं एकच असते. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे पदर जड आणि अंग नाजूक. अशा कापडाला खांद्यावर आणि कोपरावर ताण द्यायचा, काखेत घाम आणि डिओडरंट लावायचं, तर ते किती टिकणार? ‘मजबुतीसाठी’ मागून इस्त्रीने फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर, चिकटवतात, हे तर तुम्हाला सांगतही नाहीत. तो गोंद जुन्या रेशमातून धडपणे परत निघत नाही. ‘शिवलेली नऊवारी करून देतो’ म्हणणाऱ्यांचीही तीच गत: कात्री आधी, चौकशी नंतर.

पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीने, शेजारच्या रंगात गुंतवत हाताने भरलेला असतो. त्यातला मोर मधोमध कापला गेला तर तो पुन्हा विणून कोणी देणार नाही. साडी धड असेल तर अख्खीच नेसा, वर साधा आखूड कोट किंवा शर्ट घाला. नवेपणा त्या कपड्याने आणावा. अंग खरोखर विरलं असेल आणि काठ-पदर शाबूत असतील, तरच ते नव्या रेशमावर हातशिलाईने बसवून ओढणी करण्याचा विचार करावा. तोही वस्त्रजतनाच्या जाणकाराला साडी दाखवूनच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. लग्नाची तारीख तोंडावर आली असेल तर या लग्नाला दुसरं काही घाला.

‘शंभर वर्षांची अँटिक पैठणी’ ऑनलाइन दिसली. तिची जर काळपट आहे, जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) लेबलही आहे. घेऊ?
पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं 2010 साली. शंभर वर्षांच्या साडीला ते लेबल कुठून आलं, हे विक्रेत्याला विचारा. काळपटपणा हा वयाचा दाखला नाही. तांब्याची स्वस्त जरही काळी पडते. पदराच्या उलट बाजूचा जवळून फोटो मागवा. हाताने भरलेली नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे सुटे किंवा कातरलेले धागे दिसले तर नाद सोडा. फोटो ठीक वाटला तरी परतीची अट लेखी घ्या आणि साडी येवल्याच्या एखाद्या विणकराला दाखवा.

टूथपेस्ट किंवा लिंबाने जर उजळते, असं मावशी सांगते.
मुलामा खरवडला जातो. करू नका. कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपा, घासू नका; बाकीचं जाणकाराला विचारून.

आईची खणाची चोळी डेनिम स्कर्टवर घालायची आहे, पण घट्ट होते.
आतून शिवणीत माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, आहे का पाहा. असली तरी उसवल्यावर जुन्या टाक्यांची भोकं आणि न विटलेल्या रंगाची पट्टी दिसणारच, हे धरून चाला. माया नसेल तर काखेखाली नव्या खणाचा तुकडा घालता येतो. मशीनवर भराभर शिवणाऱ्याकडे देऊ नका, हातशिलाई करणारा शिंपी गाठा. त्याला आधी एक बाजू टाचून दाखवायला सांगा, ती अंगावर घालून पाहा आणि मगच दुसरी बाजू उसवू द्या.