इंग्रजी विषयाच्या नव्या शिक्षकांसाठी

नागपुरातील मराठी माध्यमाच्या शाळेत आपण नववी-दहावीला इंग्रजी शिकवण्यास रुजू होत असाल, तर पहिल्या आठवड्यात धड्यांची घाई न करता प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असूनही काही मुले छापील ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून वाचताना आढळतील. ते लगेच खोडायला लावू नये. अक्षरसमूह आणि उच्चार यांची सांगड रोज थोडी थोडी बसवत गेल्यास ही सवय आपोआप सुटते.

घरी वऱ्हाडी आणि सीताबर्डीच्या बाजारात हिंदी सहज बोलणाऱ्या या मुलांना भाषा शिकणे मुळीच जड नाही. अडचण एवढीच, की वर्गाबाहेर इंग्रजी त्यांच्या कानांवर फारशी पडत नाही. त्यामुळे आपणच तासभर ओळीओळीचे भाषांतर सांगत बसलो, तर ती उरलीसुरली संधीही जाते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जोड नसल्याने त्यांचे नियम पाठ करवण्याऐवजी जोडीजोडीने छोटे संवाद बोलून घ्यावेत.

दहावीला लेखी परीक्षेचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. हे २० गुण सरसकट वाटून टाकण्याची प्रथा (ती आहे, हे मान्य करू या) आपण तरी पाळू नये, कारण पुढे मिहानमधील (नागपूर विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प) नोकरीच्या मुलाखतीत गाईडमधली उत्तरे कामी येत नाहीत. शक्य असल्यास नववीचीच तुकडी दहावीलाही आपल्याकडे ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांना वेळेत करावी.