तलावाकाठी कृत्रिम गवत घालावे की सोडणांचे आच्छादन?

प्रश्न : अलिबागजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी असून घरामागे यंदा जानेवारीत २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद असा पोहण्याचा छोटा तलाव बांधून घेतला. तलावाच्या कडेला दोन फुटांची फरशी आहे. तिच्या पलीकडे मात्र उघडी माती असल्याने नातवंडांच्या पायांबरोबर चिखल पाण्यात जातो. ठेकेदार म्हणतात, सगळीकडे कृत्रिम गवत घाला. माझ्या दिरांचे म्हणणे असे की, वाडीत सोडणे (नारळाची वरची तंतुमय साले) आणि झावळ्या पडून आहेत, त्यांचे तुकडे करून जाड थर पसरला तर खर्चही होणार नाही आणि जमीनही सुधारेल. पावसाळ्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. काय करावे?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे बागेच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. सोडणांच्या तुकड्यांचा दोन-तीन इंचांचा थर मातीतील ओल टिकवतो, तण दाबतो आणि कुजला की खत होतो. अडचण एवढीच की, हे सारे गुण झाडाच्या आळ्यात उपयोगी पडतात. पाण्याच्या काठावर त्यांचेच दोष होतात. हलके तुकडे पहिल्या जोरदार सरीत तरंगत तलावात जातात, गाळणीच्या जाळीत अडकतात, आणि सोडणांतला तपकिरी रंग पाण्यात उतरतो. शिवाय पाण्यात पडलेला कोणताही सेंद्रिय कचरा क्लोरीन खाऊन टाकतो. त्यामुळे आच्छादनावर वाचलेले पैसे औषधांवर खर्च होतात. कोकणात आणखी एक भीती असते, ती बोलून दाखवायलाच हवी. ओलसर, सैल थराखाली गोम, विंचू आणि प्रसंगी फुरसेही आसरा घेते, आणि आपली नातवंडे तेथे अनवाणी धावणार आहेत. म्हणून तलावाला लागून आच्छादन घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ‘सगळीकडे गवत’ हा ठेकेदारांचा सल्ला मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. कृत्रिम गवत जगभर प्रसिद्ध झाले ते १९६६ साली, अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या छप्पर असलेल्या क्रीडागारात. तेथे छपराची पारदर्शक तावदाने रंगवल्यावर उन्हाअभावी खरे गवत मेले, म्हणून प्लास्टिकचे अंथरले गेले. आपल्या अंगणातली परिस्थिती नेमकी उलटी आहे. खरे गवत पानांतून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिकला ती सोय नाही. त्यामुळे एप्रिल-मेच्या भर दुपारी उघड्यावरचे कृत्रिम गवत ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते आणि लहान मुलांचे तळवे पोळू शकतात. पाणी शिंपडले की ते निवते, पण थोडाच वेळ. तेव्हा ज्या बाजूला दुपारी घराची किंवा माडांची सावली येते, त्या बाजूलाच गवताचा पाच-सहा फुटांचा पट्टा घ्यावा. उन्हाच्या बाजूला खडबडीत पृष्ठभागाची फिकट फरशी वाढवणे बरे. घराच्या मोठ्या काचेवरून परावर्तित होणारे ऊन गवतावर पडत असेल, तर तेही पाहून घ्यावे, कारण अशा झोताने प्लास्टिकची पाती वितळल्याची उदाहरणे आहेत.

तलावाच्या उडणाऱ्या पाण्यातील क्लोरीनने हे गवत सहसा बिघडत नाही. ते बिघडते खालच्या कामामुळे. गवताच्या पाठीला छिद्रे असतात, पण त्यांतून गेलेल्या पाण्याला पुढे वाट नसेल तर गवताखाली डबके होऊन कुबट वास सुटतो. आपली जमीन पुळणीची, वाळूमिश्रित असेल तर पाणी आपोआप मुरेल; पूर्वीचे भातखाचर भरून घर बांधले असेल तर मुरणार नाही. फूटभर खड्डा खणून तो पाण्याने भरावा आणि तासाभराने किती पाणी उरले ते बघावे, एवढी परीक्षा पुरे. पाणी तसेच राहिले तर खाली छिद्रांची नळी टाकून ते पन्हळीत न्यावे लागेल. दोन्ही प्रकारांत माती उकरून तीन-चार इंच खडी आणि तीवर कच (दगडाचा बारीक चुरा) घालून धुम्मसाने ठोकून घ्यावी, आणि उतार तलावापासून दूर, दहा फुटांना किमान दीड इंच ठेवावा. ठेकेदारांच्या दरपत्रकात या थरांचा उल्लेख नसेल, तर दर कितीही कमी असला तरी ते काम देऊ नये.

पाती उभी राहण्यासाठी त्यांच्यात जे भरतात, त्यात रबराचा चुरा नको, धुतलेली सिलिका वाळूच हवी. रबर अधिक तापते, आणि त्याचे कण पायांबरोबर तलावात व पावसाबरोबर ओढ्यात जातात; युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा प्लास्टिक-रबरी कणांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीने बंदी ठरवली, ती याच काळजीपोटी.

दिरांची सोडणे वाया जाणार नाहीत. माडाच्या बुंध्याभोवतीचे सहा फूट त्रिज्येचे आळे गवताने मुळीच झाकू नये. तेथे हे तुकडे भरपूर घालावेत, फक्त बुंध्याला टेकू देऊ नयेत. तलाव आणि आळे यांच्यामध्ये जांभ्याची वीतभर उंच कड घातली की तुकडे वाहून येणार नाहीत.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा. तलावाभोवतीचा भराव जानेवारीतला आहे, म्हणजे त्याने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही, आणि तो पहिल्या पावसात खचणारच. यंदा नुसती खडी आणि कच घालून चिखल थांबवावा, जुलैत पाणी कोठे साचते त्या जागांवर खुणा कराव्यात, आणि त्या भरून घेऊन गवत दिवाळीनंतर अंथरावे.