शर्यत रविवारी, पाहुणे शनिवारी

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. पावसाळ्यापासून रंकाळा तलावावर नियमित धावते आणि २५ जानेवारीच्या रविवारी माझी पहिली हाफ मॅरेथॉन आहे. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जोडून आल्यामुळे पुण्याहून दीर, जाऊबाई व मुले आणि सांगलीहून नणंद असे सगळेजण शनिवारी दुपारीच आमच्याकडे येत आहेत. शनिवारी रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा बेत आणि रविवारी दुपारी पन्हाळा, असे सासूबाईंनी ठरवले आहे. घरचा स्वयंपाक मुख्यतः माझ्याकडेच असतो. आतापर्यंतची माझी सर्वांत लांब धाव सतरा किलोमीटरची आहे. शर्यत सोडून द्यावी की पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवावे, हे समजत नाही.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोन्हींपैकी काहीही सोडू नका. सतरा किलोमीटर ज्यांना धावता येतात त्यांना संयमाने धावल्यास २१.०९७५ किलोमीटरही पूर्ण करता येतात, आणि शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत केलेल्या कष्टाचा फायदा शरीराला शर्यतीच्या दिवशी मिळत नसल्याने त्या काळात सराव कमी करणेच योग्य असते. म्हणजे घर भरलेले असल्यामुळे तुमचा सराव बुडणार नाही, कारण तो तुमच्या पायांत आधीच जमा झालेला आहे. बदलायला हवा तो फक्त बेतांचा क्रम, आणि हे सासूबाईंशी आजच मोकळेपणाने बोला. शनिवारी पाहुणे दारात असताना सांगितले तर ते नकारासारखे ऐकू येईल.

पहिला बदल मटणाचा. कोल्हापुरात मटणाचा खरा वार रविवारच, तेव्हा तांबडा-पांढरा रविवारी दुपारी करावा, ही सूचना कोणालाच खटकू नये. यामागचे कारण साधे आहे. तेलाची तर्री, सुके खोबरे, तीळ आणि मटणाची चरबी यांमुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो, तिखटाने अनेकांना रात्री जळजळ होते, आणि पहाटे धावताना रक्ताचा मोठा वाटा स्नायूंकडे वळल्यामुळे आतड्यांना तो कमी मिळतो. अशा वेळी पोटात राहिलेले जड अन्न दहाव्या-बाराव्या किलोमीटरला त्रास देते. शनिवारी सकाळची मिसळही याच कारणाने टाळावी, कारण कटाच्या तेलाच्या जोडीला मोडाच्या मटकीतला भरपूर तंतू (फायबर) असतो. शनिवारी दुपारचे जेवण मुख्य ठेवा. रात्री आठच्या आत वरणभात, बटाट्याची साधी भाजी आणि पचत असेल तर दहीभात घ्या. तुमच्या शर्यतीचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, आणि तो साठा भरण्यासाठी भातासारखा सहज पचणारा पिष्टमय पदार्थ पुरेसा आहे. भाताचा डोंगर मात्र नको. रोजच्यापेक्षा थोडा जास्त एवढेच.

दुसऱ्या गोष्टीकडे धावणाऱ्या स्त्रियांचे फार दुर्लक्ष होते आणि त्यांच्या घरच्यांचे त्याहून अधिक, म्हणून ती मी आग्रहाने मांडतो. शनिवारी दुपारी पाहुणे येणार, म्हणजे तुम्ही चार-पाच तास ओट्यापाशी उभ्या राहणार. सलग उभे राहण्याने पोटऱ्या आणि कंबर धावण्याइतकीच थकू शकतात. हे काम शनिवारपुरते पूर्णपणे दुसऱ्यांकडे जायला हवे, आणि ते मागण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. दीर आणि तुमचे पती मिळून वरणभाताचा स्वयंपाक निश्चित करू शकतात, रविवारचे मटण आणणे आणि शिजवणे हेही त्यांच्याकडेच द्यावे. कोल्हापुरात मटण शिजवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या पुरुषांची उणीव नाही, त्यांना या रविवारी संधी द्या.

शनिवारी रात्री गप्पांची मैफल रंगणार हे उघड आहे, पण तुम्ही साडेनऊला सर्वांचा निरोप घेऊन शक्यतो आतल्या खोलीत झोपा. तरीही उत्सुकतेने झोप लागली नाही तर घाबरू नका. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पायांची ताकद फारशी घटत नाही, मात्र त्यासाठी गुरुवार आणि शुक्रवार या दोन रात्री भरपूर झोप झालेली असली पाहिजे. पाहुण्यांसाठीची आवराआवर म्हणूनच बुधवारी संपवा.

रविवारी शर्यत सहाला सुरू होणार असेल तर पावणेचारपर्यंत उठून चारच्या सुमारास खा. केळे, मध किंवा गूळ लावलेला पाव, थोडासा चहा, असे जे लांब धावेपूर्वी नेहमी खात आला आहात तेच घ्या. किलोमीटरला साडेसात मिनिटे हा वेग धरला तर तुम्ही सुमारे दोन तास अडतीस मिनिटांत पोहोचाल. इतका वेळ साठवलेले ग्लायकोजेन एकटे पुरत नाही, म्हणून तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. पंचवीस ग्रॅमचा गुळाचा खडा वीस ग्रॅमहून थोडी जास्त साखर देतो, आणि आपल्या गावचा गूळ हाताशी असताना धावताना घ्यायची महागडी साखरेची जेल विकत घ्यायलाच हवी असे नाही; फक्त धावताना गूळ खाऊन पाहिलेला नसेल तर हा प्रयोग शर्यतीत करू नका. पाणी तहानेप्रमाणे घोटाघोटाने प्या. थंडीच्या पहाटे मार्गावरच्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासभर साधे पाणी पीत गेल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

पहिले पाच किलोमीटर मुद्दाम सावकाश धावा. वाजंत्री, गर्दी आणि गारवा यांमुळे त्या टप्प्यात सर्वांनाच आपण आज काहीतरी विशेष करणार आहोत असे वाटते आणि त्याची किंमत सोळाव्या किलोमीटरनंतर द्यावी लागते. शहराच्या रस्त्यांवर चढ येतोच. रंकाळ्याच्या सपाट काठावर सराव झालेल्यांनी राहिलेल्या दिवसांत एखादी छोटी धाव शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला करून चढावर पाऊल लहान टाकण्याची सवय लावून घ्यावी.

आता पन्हाळा. स्नायूंचे दुखणे शर्यत संपताच शिगेला जात नाही, ते साधारण एक ते तीन दिवसांत वाढते, आणि उतारावर किंवा पायऱ्या उतरताना मांड्यांना सर्वाधिक जाणवते. रविवारी मटणाच्या जेवणानंतर घरीच आडवे व्हा. सोमवारी सकाळी झेंडावंदन झाल्यावर जिलेबी तर आणायचीच, कारण कोल्हापुरात तिच्याशिवाय २६ जानेवारी साजरा होत नाही, आणि आदल्या दिवशी एकवीस किलोमीटर धावलेल्या व्यक्तीने ती मोजून खाण्याचे काही कारण नाही. त्यानंतर पन्हाळ्याऐवजी एखाद्या गुऱ्हाळावर जावे असे मी सुचवेन. जानेवारीत उसाचा हंगाम भरात असतो, पुण्याच्या मुलांना कढईतला रस, काकवी आणि गरम गूळ पाहायला मिळेल आणि तुम्हाला खाटेवर बसून राहता येईल. मुलांनी पन्हाळ्याचाच हट्ट धरला तर गाडी वर गडावर जाते. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी इतरांनी पाहावी, अंधारबावीच्या पायऱ्या तुम्ही उतरू नका.

प्रश्न : माझे वय अडुसष्ट. माझी मुलगी बेळगावहून याच शर्यतीसाठी येते आहे आणि आम्ही दोघे नातवंडांना घेऊन तिला पाहायला जाणार आहोत. तिच्या आईला हे अंतर झेपेल का याची काळजी वाटते. आम्ही कोठे उभे राहावे आणि बरोबर काय न्यावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तिच्या आईंना अंतराची कल्पना द्यायची असेल तर कोल्हापूर ते पन्हाळा साधारण वीस किलोमीटर, त्याहून किंचित जास्त, असे सांगा. ज्या भागातील लोक चालत जोतिबाला जातात, तेथे हे अंतर माणसाच्या आवाक्यातले आहे हे पटवणे कठीण जाऊ नये. मुलीने काही महिने सराव केला असेल आणि तिला हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार नसेल तर काळजीचे कारण नाही.

सुरुवातीच्या रेषेपाशी जाऊ नका, तेथे ती दिसणारही नाही. सोळा ते अठरा किलोमीटरच्या मधली जागा निवडा, कारण पाय जड होतात आणि मन खचू लागते ते तेथेच. तिचा वेग किलोमीटरला सात मिनिटे असेल आणि शर्यत सहाला सुरू झाली तर सतराव्या किलोमीटरवर ती आठच्या सुमारास पोहोचेल; मुलांना त्याप्रमाणे न्या, म्हणजे ती गारठ्यात दोन तास ताटकळणार नाहीत. तिला नावाने हाक मारा. तिची अवस्था पाहून आईच्या तोंडून “पुरे झालं बाळा, थांब आता” असे निघण्याची शक्यता आहे, ते मात्र आवरायला हवे. ती भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा छातीत दुखते म्हणत असेल तर अर्थातच थांबवून वैद्यकीय पथकाला बोलवावे.

बरोबर कोरडा सदरा, पातळ शाल आणि सैल जुनी चप्पल न्या. नवी कोल्हापुरी नको, सुजलेल्या पायांना ती लागते. शर्यत संपल्यावर तिला लगेच खुर्चीत बसवू नका; दहा-पंधरा मिनिटे बरोबर चालत राहा, कारण एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. मग लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि तासाभरात पोटभर नाश्ता. मिसळ तेव्हा चालेल.

प्रश्न : वय चोवीस. रोज व्यायामशाळेत जातो, पण पाच किलोमीटरपेक्षा जास्त कधी धावलो नाही. सुट्टीला सगळे भाऊ एकत्र जमत आहेत. चुलतभावाचा गुडघा दुखत असल्याने तो मला याच शर्यतीचा त्याचा बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) देतो म्हणतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावलो तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालणार नाही. बिबच्या क्रमांकावर आयोजकांकडे नाव, वय, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी नोंदलेला असतो. तुम्ही कोसळलात तर डॉक्टरांसमोर तुमच्या भावाची माहिती येईल आणि फोन त्याच्या घरी जाईल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या लांब धावताना, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाही झाकून टाकतात. पाच किलोमीटरवरून एकवीसवर येण्यासाठी किमान तीन महिने द्या. या वेळी पाच किलोमीटरची नोंदणी अजून खुली असेल तर स्वतःच्या नावाने करा. नसेल तर भावाला बरोबर घेऊन मार्गावरच्या पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभे राहण्याबद्दल आयोजकांना विचारा.