शिफ्टला जाताना अ‍ॅपची रिक्षा

प्रश्न : नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीत जायला शेअर रिक्षा स्वस्त पडते, तरी सहकारी अ‍ॅपवरूनच रिक्षा का मागवतात?

उत्तर : शेअर रिक्षा सीटं भरल्याशिवाय हलत नाही, शिवाय मध्ये द्वारका चौकात किंवा सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) बदलावी लागते. अ‍ॅपवर भाडं आधी कळतं, गाडी दाराशी येते. शिफ्टच्या वेळी मागणी वाढली की भाडंही चढतं, म्हणून पंधरा मिनिटं आधी पाहा. चालक ‘कुठं जायचंय?’ विचारून राइड रद्द करतो, ते बहुधा परतीचं भाडं मिळणार नसतं म्हणून. कधी अ‍ॅपच्या नकाशावर तुमची जागा दाखवणारी पिनच मागच्या गल्लीत पडलेली असते. ती मुख्य रस्त्यावर सरकवा. नंबरप्लेट जुळल्यावरच ओटीपी सांगा. रोजचंच असेल तर तिघांनी मिळून महिन्यावर रिक्षा लावलेली बरी.