इन्सुलिनने नसा कडक होतात का?

"इंजेक्शन सुरू झालं की नसा कडक होतात म्हणते शेजारीण. मंग मी काहून घेऊ जी?" नागपुरातल्या महाल भागातल्या एका काकूंचा हा प्रश्न. वय 57, जुना मधुमेह, एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 10.4. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन लिहून दिलेलं. चिठ्ठी पिशवीत घडी घालून तशीच पडलेली.

ही भीती उडवून लावणं मला पटत नाही. ज्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं त्यांच्यात धमन्यांचा, म्हणजे काकू म्हणतात त्या नसांचा, आजारही जास्त दिसतो, हे खरं आहे. पण त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं. निरोगी धमनीच्या अस्तराला इन्सुलिन नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं आणि धमनी सैलावते. दाद मिळेनाशी झाली की हे काम मंदावतं. धमनी आवळणारं एंडोथेलिन मात्र बनतच राहतं. त्यात वाढलेली साखर भिंतीतल्या कोलाजेनला चिकटते, धागे एकमेकांत जखडतात, लवचिकपणा जातो. काकूंना मी पोळीवरचे तांबूस डाग आठवायला सांगितले. रसायन त्याच जातीचं, फक्त शरीरात ते वर्षानुवर्षं चालतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधारही कमी होतो.

मग इंजेक्शनचं काय? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ओरिजिन अभ्यासात साडेबारा हजार लोक होते. निम्म्यांना सुमारे सहा वर्षं ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन दिलं. हृदयविकार आणि पक्षाघात वाढले नाहीत. कमीही झाले नाहीत, हेही मी काकूंना सांगितलं. वजन थोडं वाढलं आणि साखर एकदम उतरण्याचे प्रसंग वाढले. म्हणून घाम सुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बोलता बोलता पदराच्या गाठीतून खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी निघाली. सुईपेक्षा मला या पन्नीची काळजी जास्त वाटली, आणि तसं मी स्पष्ट बोलले. तंबाखूतलं निकोटीन धमन्या आवळतं, बीपी वाढवतं. त्यांचं बीपी त्या दिवशी 152 होतं. कोलेस्टेरॉलची गोळीही त्यांनी उन्हाळ्यात आपल्या मनानेच बंद केली होती. साखर एकटी सांभाळून धमनी वाचत नाही.

इन्सुलिन त्याच आठवड्यात सुरू झालं. डॉक्टरांना विचारून गोळीही. तीन महिन्यांनी एचबीए1सी 8.2 आलं. खर्रा कमी झालाय, सुटलेला नाही. पुढच्या भेटीला सुनेलाही सोबत आणा म्हटलंय.