एकाच संघाचा प्रशिक्षक

प्रश्न : अमेरिकेत शिकणारा माझा भाचा म्हणतो की, तिकडे एका गृहस्थांनी एकाच कॉलेजच्या फुटबॉल संघाला अर्धशतकाहून अधिक काळ शिकवले. हे खरे आहे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : खरे आहे. एडी रॉबिन्सन १९४१मध्ये लुइझियानातील आजच्या ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९९७मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या संघाने ४०८ सामने जिंकले. (हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे भातकापणीनंतर मळ्यात रंगतो तो नव्हे, यात लांबट चेंडू हातात धरून धावतात.) पहिल्या हंगामात पाच सामने हरलेल्या या संघाने पुढच्याच वर्षी नऊही सामने जिंकताना प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही, हे आम्हांला त्या ४०८पेक्षा अधिक नवलाचे वाटते. सुरुवातीच्या काळात मैदानातले गवतही तेच कापत असत.