ब्रेक, वेस्ट, डाइंग: सारख्या वाटणाऱ्या शब्दांचं स्पेलिंग कसं पक्कं करायचं

सातवीतल्या मुलीचं डिक्टेशन घेताना ब्रेक, वेस्ट, डाइंग असे शब्द दर वेळी चुकतात, त्यावर उपाय काय, असं तुम्ही विचारलंय. पाठांतर वाढवण्याआधी या शब्दांचे दोन ढीग करा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिल्या ढिगातल्या शब्दांचा उच्चार इंग्रजांच्या तोंडीही एकच असतो. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई, मधल्या सुट्टीचा बी-आर-ई-ए-के. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजच्या पाट्या वाचायला लावा, ब्रेकचं स्पेलिंग कुठं चुकलंय ते तिलाच सापडू द्या. इचलकरंजीत कापड रंगवतात ते डाइंग डी-वाय-ई-आय-एन-जी. आयएनजी लावताना शेवटचा ई गाळायचा हा नियम मुलांच्या डोक्यात पक्का असतो, म्हणून इथंही ती तो गाळतात आणि रंगवण्याचं मरणं होतं. फाउंड्रीतला डाय, म्हणजे साचा, मात्र डी-आय-ई, मरणाच्याच स्पेलिंगचा. इथं कानाचा काही उपयोग नाही, अर्थच धरावा लागतो.

अशा बऱ्याच जोड्या उच्चार बदलल्यामुळं झाल्या. सरदार या अर्थाच्या नाइटमधला के आणि जीएच एके काळी उच्चारले जायचे. १४७६ मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली, पुढं स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. उच्चार मात्र बदलत राहिले.

दुसरा ढीग आपल्या उच्चारानं तयार होतो, आणि माझ्या मते जास्त चुका इथंच होतात. पश्चिम, बनियन, कचरा आणि कंबर, चारही आपण 'वेस्ट' म्हणतो. यातली खरी जोडी फक्त कचरा-कंबर. बनियनच्या व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. पश्चिमेच्या डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत. कचऱ्यातला स्वर 'एइ' असा लांबतो. टेस्ट, गेट, लेट, पेन यांतही हाच घोळ: परीक्षेचा ए आखूड, चवीचा 'एइ'. आरशासमोर रोज पाच मिनिटं हे म्हणून घ्या. उच्चार सुटा झाला की स्पेलिंग बरंचसं आपोआप सुटतं.

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नका, एकमेकांत गुंततात. एक पक्का झाल्यावर चार-पाच दिवसांनी दुसरा घ्या. आणि डिक्टेशनला सुटा शब्द न देता अख्खं वाक्य द्या: 'पन्हाळ्याच्या घाटात ड्रायव्हरनं ब्रेक दाबला', असं इंग्रजीत. मोबाइलच्या स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यानं तो बहुतेक वेळा गप्प बसतो.